रुमालाची गाठ सोडण्याआधी

गेल्या अंकात मी नाशिकमधल्या वाड्यांतल्या जुन्या कागदांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली: हे काम शिकायचं कुठे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं का आणि मिळालं तर त्याचा उपयोग काय. ती चारही इथे घेते.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सिडकोत राहते. गेल्या वर्षी इतिहासात एम.ए. झाले. जुन्या कागदपत्रांचं काम करायचं माझ्या मनात पक्कं आहे. आई म्हणते, मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घे, नोकरी तरी लागेल. अमेरिकेत असलेला मावसभाऊ म्हणतो, तिकडे ‘सर्टिफाइड आर्किव्हिस्ट’ होण्याची परीक्षा असते, ती दे. मी काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— एक वाचक, सिडको

उत्तर : अगं, आधी आईच्या म्हणण्याबद्दल. ग्रंथालयशास्त्र वाईट मुळीच नाही, पण ते दुसऱ्या घरचं शास्त्र आहे. पुस्तकाच्या हजार प्रती असतात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातली एक प्रत हरवली तर पुण्यात दुसरी सापडते. पुस्तक विषयाप्रमाणे लावतात. ड्युईने १८७६ साली आणि आपल्या रंगनाथनांनी १९३३ साली दिलेल्या वर्गीकरणाच्या पद्धती त्यासाठीच आहेत. दप्तरातला कागद मात्र जगात एकच असतो, आणि त्याचा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदात अडकलेला असतो. त्यामुळे तो विषयाप्रमाणे लावायचा नाही. ज्याचं दप्तर, त्याच्या नावाने ते एकत्र ठेवायचं आणि त्याने ज्या क्रमाने बांधलं तो क्रम राखायचा. फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी परिपत्रक काढून यातला पहिला नियम, ज्याचं दप्तर त्याच्या नावाने एकत्र ठेवण्याचा, घालून दिला. डच अभिलेखपालांनी, म्हणजे तिकडच्या आर्किव्हिस्टांनी, १८९८ साली दोन्हींवर नियमावली लिहिली. आज जगभर या विषयाचा पहिला धडा तोच असतो.

हा धडा मी उशिरा शिकले. त्याची किंमत एका कुटुंबाच्या दप्तराने मोजली, म्हणून तुला ते सविस्तर सांगते.

१९८२ चा उन्हाळा. माझा बी.ए.चा निकाल लागायचा होता. दहीपुलाजवळच्या एका वाड्यात आमच्या ओळखीच्या घराण्याचं सावकारी दप्तर होतं, सहा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे सहा गठ्ठे. घरातले आजोबा म्हणाले, “पोरी, तुला मोडी येतं ना? एकदा लावून टाक सगळं.” मी दीड महिना रोज दुपारी माडीवर जाऊन बसले. रुमालाची गाठ सोडायची, एकेक कागद वाचायचा आणि मितीप्रमाणे लावायचा. ज्या कागदांवर मिती नव्हती त्यांची वेगळी चळत केली आणि वर ‘बिनतारखी’ अशी चिठ्ठी लावली. दप्तर इतकं नेटकं दिसायला लागलं की आजोबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

पुढे एम.ए. करून १९८४ मध्ये मी दिल्लीला अभिलेखांच्या, म्हणजे जुन्या दप्तरांच्या, पदविकेला गेले. पहिल्याच महिन्यात मूळ क्रमाचा पाठ झाला आणि वर्गात बसल्या जागी माझ्या हाताला घाम सुटला. वाड्यातल्या एका पत्रातली ओळ मला पाठ होती, ‘सोबतची याद पाहोन ऐवज द्यावा’. ती याद म्हणजे एक बिनतारखी कागद. मी रुमाल सोडला तेव्हा तो त्या पत्राच्या पोटात घडी घालून ठेवलेला होता. माझ्याच हातांनी मी तो काढला आणि तसल्याच चाळीसएक यादींच्या चळतीत टाकला. कोणाचं देणं किती होतं हे त्या यादींत होतं, आणि ते कोणाला द्यायचं होतं हे पत्रांत.

दिवाळीच्या सुट्टीत परत जाऊन मी आठ दिवस बसले. घड्यांच्या खुणा जुळवल्या, कागदाचा रंग जुळवला. सगळ्यात जास्त मदत किड्याच्या भोकांनी केली. कीड कागद आरपार पोखरत जाते, म्हणजे दोन कागद एकमेकांवर असले तर भोकं एकाच जागी पडतात. उजेडासमोर दोन्ही कागद धरायचे आणि भोकात भोक बसतं का ते बघायचं. अशा रीतीने अकरा यादींची पत्रं सापडली. बाकीच्यांची आजतागायत सापडलेली नाहीत. आजोबांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी समजून घेतलं, पण मला ते अजून टोचतं.

माझ्या त्या कामात प्रेमाची, चिकाटीची, मोडीच्या ज्ञानाची काहीच कमतरता नव्हती, कमतरता फक्त शिक्षणाची होती. म्हणून कोणी विचारलं की प्रमाणपत्राची गरज आहे का, तर मी हो म्हणते. हात लावण्याआधी थांबायचं कुठे, हे आपसूक येत नाही, ते कोणीतरी शिकवावं लागतं.

आता कुठे शिकायचं ते बघू. आपल्या देशात या विषयाचं जुनं आणि भक्कम ठिकाण म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं (नॅशनल आर्काइव्हजचं) विद्यालय. अभिलेखागाराची स्थापना ११ मार्च १८९१ ला कोलकात्यात झाली, पुढे ते दिल्लीत जनपथवर आलं. (सुरेंद्रनाथ सेन १९३९ ते १९४९ या काळात त्याचे प्रमुख होते आणि त्यांचा मूळ अभ्यास मराठ्यांच्या राज्यकारभाराचा. आपल्या कागदांची कदर तिथे जुनी आहे.) तिथे पदव्युत्तर पदवीनंतर एक वर्षाची पदविका आहे. अभिलेखांची निवड, मांडणी, वर्णन, कार्यालयीन दप्तराचं व्यवस्थापन, दुरुस्ती आणि जतन, प्रतिमुद्रण असं सगळं त्यात येतं. इतिहासाचं एम.ए. आणि ही पदविका अशी जोडी सरकारी अभिलेखागारांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा विचारली जाते. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाच, अटी बदलतात.

त्या वर्षात मला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर दुरुस्तीच्या टेबलावरचे दिवस. तिथे मेंडर असायचे, म्हणजे फाटके कागद जोडणारे कारागीर. त्यांच्यापैकी एक वयस्कर गृहस्थ आमच्या तुकडीला पंधरा दिवस फक्त खळ शिजवायला लावायचे. गव्हाचा स्टार्च भिजवायचा, मंद आचेवर ढवळायचा, दुधी रंग जाऊन पारदर्शक झाला की उतरवायचा, गार झाला की गाळायचा. मला ते पहिल्याच दिवशी जमलं, कारण आमच्या घरी उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवायचं काम माझ्याकडेच असायचं. तोच चीक, फक्त मीठ आणि हिंग नाही. खळीने जोडलेला कागद शंभर वर्षांनीही पाणी लावून सोडवता येतो, म्हणून ती वापरायची. केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला मोडता आली पाहिजे, हे तत्त्व मी त्या पातेल्यापाशी शिकले. बाजारातल्या गोंदाला आणि सेलोटेपला ते जमत नाही.

मावसभावाने सांगितलेली परीक्षा खरी आहे. अमेरिकेत अ‍ॅकॅडमी ऑफ सर्टिफाइड आर्किव्हिस्ट्स ही संस्था १९८९ मध्ये सुरू झाली. शंभर बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा असते, सोबत शिक्षण आणि अनुभवाची अट असते. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा द्यायची किंवा मधल्या काळात केलेल्या कामाचा आणि शिकण्याचा हिशेब सादर करायचा. हा पाच वर्षांचा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे एकदा पदविका भिंतीवर लागली की ती निवृत्तीपर्यंत पुरते, आणि तोवर कागदाच्या जागी हार्ड डिस्क आलेली असते.

पण तू आत्ता त्या परीक्षेच्या मागे लागू नकोस. तिकडे या व्यवसायाची वाट मुख्यतः ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीतून जाते, प्रश्न तिथले कायदे आणि तिथली पद्धत धरून असतात, आणि आपल्याकडच्या मी पाहिलेल्या एकाही जाहिरातीत ती मागितलेली नाही. पुढे कधी तिकडे जायचं ठरलं तर जरूर दे. आज तिचा उपयोग आरशासारखा कर. परीक्षेचा अभ्यासक्रम सात भागांत मांडलेला आहे: निवड आणि संग्रहात घेणं, मांडणी आणि वर्णन, वाचकसेवा, जतन आणि संरक्षण, लोकांपर्यंत पोहोचणं, संस्थेचा कारभार, आणि व्यवसायाची नैतिक व कायदेशीर जबाबदारी. वहीत सात पानं कर आणि प्रत्येकावर आपल्याला काय येतं ते लिही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांची दुसरी आणि सहावी पानं हमखास कोरी राहतात.

घर सोडून दिल्लीला वर्षभर जाणं शक्यच नसेल तर स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाचा घरबसल्या करायचा अभ्यासक्रम आहे, पण तो खर्चिक आहे. मला विचारशील तर दिल्लीच. कागद हाताळायला घरबसल्या येत नाही.

नोकऱ्यांचं तू विचारलं नाहीस, आईने विचारलं असणार. सरकारी जागा थोड्या आहेत आणि भरती रेंगाळते, हे खरं सांगते. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची सुरुवात १८२१ ची. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत मुख्य दप्तर आणि पुण्यात पेशवे दप्तर. पण गेल्या काही दशकांत सरकारबाहेरची दारंही उघडली आहेत. पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्हज आहे, रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार १९८१ पासून पुण्यातच आहे, विक्रोळीला गोदरेज आर्काइव्हज आहे, बंगळुरूला एनसीबीएस या विज्ञानसंस्थेने २०१९ मध्ये आपलं अभिलेखागार लोकांसाठी खुलं केलं. अशा ठिकाणी इतिहासाइतकंच संगणकाकडे बघतात. मूळ प्रतिमा टिफ या फाइल-प्रकारात ठेवायची म्हणजे काय, चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) कशासाठी काढायचा, तीन प्रती दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक गावाबाहेर का ठेवायची, आयसॅड-जी या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्णन कसं लिहायचं, हे येत असेल तर मुलाखतीत तू वेगळी दिसशील. आणि आईला सांग, ग्रंथालयशास्त्र नंतर जोडीला केलं तर वाया जाणार नाही.

प्रश्न : मी एका शासकीय कार्यालयात लिपिक आहे. वय ५१. दोन वर्षांपूर्वी मला अभिलेख कक्षात बसवलं. लोक म्हणतात ही शिक्षेची जागा. खोलीत १९२० पासूनचे गठ्ठे आहेत, पावसाळ्यात ओल येते, आणि दर आठवड्याला कोणीतरी माहिती अधिकारात जुना कागद मागतं. साहेब म्हणतात, जागा करा, जुनं काढून टाका. या वयात मला काही प्रशिक्षण मिळेल का?
— एक कर्मचारी, नाशिक जिल्हा

उत्तर : मिळेल, आणि तुम्ही ते मागावं असं मी मनापासून म्हणते. राष्ट्रीय अभिलेखागाराचे काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रमही असतात: दप्तर व्यवस्थापनाचा, अभिलेखांच्या दुरुस्तीचा, ग्रंथ-हस्तलिखितांच्या जतनाचा. कार्यालयाने पाठवलेले कर्मचारी तिथे घेतात. रीतसर अर्ज करा आणि अर्जात कायद्याचा आधार द्या, म्हणजे तो बाजूला पडणार नाही.

आधार असा. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे, आणि आपल्या राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा. नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर पहिलंच कर्तव्य अभिलेख सूचिबद्ध करून, अनुक्रमणिका लावून ठेवण्याचं सांगितलं आहे. ‘जुनं काढून टाका’ हा तोंडी हुकूम तुमच्या अंगावर शेकू शकतो. तो लेखी मागा. नम्रपणे मागा, पण मागाच.

नष्ट करायचं ते जरूर करायचं, मात्र निंदणीकरण, म्हणजे ठेवायचे आणि काढायचे कागद वेगळे करणं, झाल्यावर. कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत तुम्हाला माहीत असणारच. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षाकडे आणि सहावा नष्ट करण्यासाठी. अडचण अशी होते की शाखांकडून दोन्ही गठ्ठे एकत्रच तुमच्या दारात येऊन पडतात, आणि कागद किती काळ ठेवायचा हे सांगणारा अ, ब, क, ड वर्ग कोणीच घातलेला नसतो. तेव्हा उद्यापासून एक नियम करा: वर्ग घातलेला नसेल आणि यादी जोडलेली नसेल तर गठ्ठा घ्यायचा नाही. पहिले दोन महिने वाद होतील. तिसऱ्या महिन्यात याद्या यायला लागतात, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

ओलीसाठी खर्च लागत नाही. गठ्ठे भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून हातभर उचला, पंखा चालू ठेवा, बाहेर पाऊस नसेल तेव्हा खिडक्या उघडा. आणि एक सांगते, तुमच्या खोलीतला १९२० चा कागद आणि १९४३ चा कागद शेजारी ठेवून बघा. बहुधा १९४३ चा आधी तुटेल. महायुद्धाच्या टंचाईतला लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लाने जळतो. हात आधी त्याला लावायचा.

शिक्षेच्या जागेबद्दल एवढंच लिहिते की एखाद्या विधवेच्या नावावरची जमीन किंवा एखाद्या मुलाचा जातीचा दाखला तुमच्या खोलीतल्या एका पानावर अवलंबून असतो, आणि ते पान कुठे आहे हे अख्ख्या कार्यालयात तुम्हाला एकट्याला माहीत असतं.

प्रश्न : मी नुकताच मोडीचा पायाभूत वर्ग पूर्ण केला. प्रमाणपत्र मिळालं. आता मला अभिलेखागारात काम मिळू शकेल का? आणि सराव कसा वाढवू?
— एक वाचक, येवला

उत्तर : मोडी येणं म्हणजे किल्ली हातात येणं, पण ती अभिलेखपालाची पदविका होत नाही, हे आधी लक्षात घ्या. वाचनाचं काम मात्र मिळतं. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तालुक्या-तालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. गाव नमुना १४, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात, ती जन्ममृत्यूची वही कितीतरी ठिकाणी मोडीत आहे. त्या कामात एका अक्षराची चूक एका घराला भोवते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि रेघ आधी ओढून तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे अंदाजाने ठरवावं लागतं. जिथे खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्ह टाकणारा वाचक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

सरावासाठी अक्षरांच्या बरोबरीने कालगणना शिका, वर्गात ती घाईत उरकतात. पत्राच्या शेवटी ‘सन सबा खमसैन मया व अलफ’ असं आलं तर ते अरबी आकडे आहेत: सात, पन्नास, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११५७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५६. पण सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून माघ-फाल्गुनातलं पत्र असेल तर ६०० मिळवायचे आणि साल १७५७ येतं. एका वर्षाच्या फरकाने माणूस लढाईच्या आधी मेला की नंतर, हे बदलतं. भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात १९१० पासून आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. येवल्याहून धुळं फार लांब नाही. तिथे बसून छापील वाचनाशी मूळ कागद ताडून बघा, रोज एक पान.

प्रश्न : आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्याय. आमच्याकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या सात-आठ पिढ्यांच्या आहेत. या पावसाळ्यात माळ्यावर गळती होऊन तीन वह्या भिजल्या. वाळवल्या, पण पानं चिकटली आहेत. मुलगा म्हणतो, सुटी करून लॅमिनेट करू आणि स्कॅन करून सगळं इंटरनेटवर टाकू. सिंहस्थ जवळ आला आहे, वह्या रोज उघडाव्या लागणार. काय करावं? आणि मुलाने हे काम शिकावं का?
— एक गुरुजी, पंचवटी

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र वाचून मी त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं.

पहिलं, लॅमिनेशन नको. दुकानातलं यंत्र उष्णतेने प्लास्टिक कागदात वितळवतं, ते पुन्हा कधी निघत नाही. पानाला श्वास घेता येत नाही, आत राहिलेली ओल तिथेच कुजते. एके काळी खुद्द दिल्लीत अ‍ॅसिटोन आणि पातळ पापुद्रा वापरून हाताने लॅमिनेशन करायची पद्धत निघाली आणि ती नावाजली गेली. ती मीही शिकले. आता मी ती करत नाही. चांगल्या हेतूने केलेलं कामही पुढच्या पिढीला निस्तरावं लागतं, तेव्हा दुकानातल्या यंत्राची गोष्टच सोडा.

चिकटलेली पानं नखाने, पट्टीने, सुरीने उचकटू नका. वही जशी आहे तशी टीपकागदात ठेवा, वर हलकी फळी ठेवा, आणि टीपकागद दर दिवशी बदला. उन्हात ठेवायची नाही. वाळल्यावरही पांढुरका किंवा हिरवट थर दिसला तर तोंडाला कापड बांधून, बाहेर अंगणात, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटकायचा. शाई कोणती आहे ते कोपऱ्यातल्या एखाद्या फराट्यावर बघा. कापसाचा बोळा किंचित ओला करून टेकवा, घासू नका. जुन्या पानांवरची काजळीची शाई बहुधा रंग सोडणार नाही, पण डिंक विरघळून अक्षर सरकू शकतं. अलीकडच्या पानांवर टाकाची निळी शाई किंवा शिक्क्याची शाई असेल, ती फुटेल. रंग सुटला तर तिथेच थांबा आणि ती पानं जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडेच द्या. जुनी पानं हातकागदाची असणार, जुन्नरी किंवा दौलताबादी. तो कागद दमदार असतो, म्हणून काळजी नव्या पानांची जास्त करा.

पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा: भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. वह्या जास्त असतील आणि तेवढ्या वेळात वाळवता येणार नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, महिन्याभराने एकेक काढून वाळवता येते. १९६९ च्या महापुरात मी दहा वर्षांची होते. पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून गेलं होतं आणि ओसरल्यावर गल्लीत दोरीवर साड्यांसारख्या वह्या टांगलेल्या मला आठवतात. २००८ आणि २०१६ लाही नदीकाठच्या घरांत पाणी शिरलंच. तुम्ही माळ्यावर ठेवलंत ते पुरासाठी योग्यच होतं, कौलं आधी शाकारून घ्यायला हवी होती एवढंच. खारव्याच्या कापडात बांधून वर एक ताडपत्री टाका.

स्कॅनिंग जरूर करा, आणि सिंहस्थाच्या आधी करा. २०२७ च्या गर्दीत रोज शंभर हात वही उलटतील, तेव्हा गादीवर मूळ वहीऐवजी छापील प्रत ठेवता येईल. सपाट स्कॅनरवर वही पालथी दाबू नका, शिवण तुटते. वही उशीवर अर्धी उघडी ठेवून वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. कोरं पान, मुखपृष्ठ, मध्ये ठेवलेली चिठ्ठी, सगळं आहे त्या क्रमाने. चिठ्ठी हलवायची नाही, जिथे सापडली तिथेच परत ठेवायची. दहीपुलाजवळच्या वाड्यातल्या माझ्या बिनतारखी चळतीची हकीकत वर दिली आहे, ती मुलाला वाचून दाखवा.

इंटरनेटवर सगळं टाकण्याबद्दल मात्र थांबा. त्या वहीत एका माणसाने आपल्या आजाचं, पणज्याचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली, ती तुमच्या घरावरच्या विश्वासाने. घरातल्या दुसऱ्या लग्नाची, दत्तकाची, अकाली गेलेल्या मुलाची नोंद त्यात आहे. अशा वह्या वारसाच्या दाव्यांत न्यायालयापर्यंत गेलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने १९९६ मध्ये जी आचारसंहिता मान्य केली तिच्यात कागद खुला करणं आणि माणसाची खासगी बाब जपणं ही दोन्ही कर्तव्यं शेजारी-शेजारी लिहिली आहेत. मी तुमच्या जागी असते तर गाव आणि आडनावांची सूची सगळ्यांसाठी खुली केली असती, आणि पान मात्र त्या घराण्यातलं माणूस समोर आलं की दाखवलं असतं. तुमच्या पूर्वजांची पद्धत हीच होती.

मुलाने शिकावं का? शिकावंच. पदवीधर असेल तर जतनाचा किंवा दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम त्याला करता येईल. पण दिल्लीला जायच्या आधी त्याने एक काम तुमच्याजवळ बसून करावं. वह्या कोणत्या क्रमाने लावल्या आहेत, आडनावाने, गावाने की जातीने, आणि एखादं घराणं गाव सोडून गेलं की त्याची नोंद कुठे हलवतात, हे तुमच्या डोक्यात आहे. कुठेही लिहिलेलं नाही. त्याने रोज संध्याकाळी अर्धा तास तुम्हाला प्रश्न विचारावेत आणि उत्तरं लिहून घ्यावीत. ती वही झाली की मला कळवा. मी पंचवटीत येऊन जाईन, येताना टीपकागद आणि गव्हाचा स्टार्च घेऊन येते, तीन वह्यांपैकी सगळ्यात कमी भिजलेली पहिल्यांदा उघडू.